खटक्यावरचा हात

कापसाचे दिवस आले की मला अणुजित आठवतो, आणि अणुजित आठवला की माझं डोकं फिरतं. परवा बाभुळगावहून यवतमाळला येत होते. पुढे कापूस भरलेला एक छोटा हत्ती टेम्पो चालला होता, आपल्या अंगापेक्षा दुप्पट ओझं घेऊन, डुलत. मागून कापूस उडत होता. रस्त्याकडेच्या बाभळींना पांढरे पुंजके अडकले होते आणि दोन-चार माझ्या गाडीच्या काचेवर येऊन बसले. वायपर लावला तर ते आणखीच चिकटले. कापसाचं हे असंच असतं. एकदा चिकटला की सुटत नाही.

अणुजित कोण, हे आज कुणाला विचाराल तर शंभरातले नव्व्याण्णव खांदे उडवतील. उरलेला एक माणूस मात्र तुम्हाला सोडणार नाही. त्याच्या मोबाइलमध्ये अणुजितच्या चाहत्यांचा एक गट असेल, घरात लोखंडी कपाट असेल आणि त्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांत हवाबंद केलेले अंक असतील. त्या पिशव्यांना हात लावू नका, असं तो पाणी विचारायच्या आधी सांगेल. नागपूरचे नाफडेसाहेब त्यांतलेच. चाहत्यांच्या मेळाव्यासाठी स्मरणिका काढतो आहोत, तुम्ही अणुजितचं व्यक्तिचित्र लिहा, असा त्यांचा फोन आला. मी म्हटलं, लिहीन, पण मला त्याचा शेवटचा अंक वाचायचा आहे. "अहो, तो तर माझ्याकडे आहे! एकदम करकरीत!" असं म्हणून ते इतके खूश झाले की मीही खूश झाले. वाचायला मागणं आणि बघायला मागणं यांत संग्राहकाला फरक कळत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

तर व्यक्तिचित्र. अणुजित हा आपल्या चित्रकथांमधला बहुधा एकमेव महानायक, ज्याला दंड नव्हते. तो उडत नसे, त्याच्या डोळ्यांतून आग निघत नसे. किडकिडीत अंग, खादीचा सदरा, खिशाला तीन पेनं आणि डाव्या काचेला तडा गेलेला चष्मा. त्याच्याकडे होतं ते फक्त डोकं. पण काय डोकं! भंगारातला पंखा, सायकलची चेन आणि दोन बॅटऱ्या यांतून तो भूकंप ओळखणारं यंत्र करायचा. शत्रूच्या बुटाला लागलेल्या मातीवरून त्याचं गाव सांगायचा. त्याला सायकल चालवता येत नसे, हे त्याच्यातलं मला सगळ्यात आवडणारं होतं. पाठलाग असला की तो कुणाच्या तरी कॅरियरवर मागे बसून जाई आणि जाता जाता मनात गणित सोडवी.

संग्राहकांना यातलं काहीच महत्त्वाचं वाटत नाही. तिसऱ्या अंकात छापखान्याच्या चुकीनं त्याचा सदरा हिरवा झाला होता, हे त्यांना महत्त्वाचं. कोणत्या अंकाच्या पिना गंजतात, कोणत्याची कड पिवळी पडते, यावर ते सकाळ-संध्याकाळ भांडतात. एकदा मी गटावर विचारलं, "हिरव्या सदऱ्याच्या अंकात भूकंप कुठे होतो?" कुणालाच आठवेना. एकजण म्हणाला, "ताई, आम्ही अंक उघडत नाही." हे वाचून मी मोबाइल सोफ्यावर फेकला. पुस्तक न उघडणाऱ्या माणसांच्या हाती पुस्तकं लागावीत, आणि आम्ही ज्यांनी ती कुरतडून खाल्ली, त्यांच्या हाती काही उरू नये, याला काय म्हणावं?

आम्ही म्हणजे मी आणि सुमित्रा. माझे वडील कळंबला तहसीलात होते. सुमी कळंबच्या पल्याडच्या बंजारा तांड्यातली. आम्ही एका वर्गात, एका बाकावर. नागपूरच्या बसनं अणुजितचा अंक कळंबच्या स्टँडवर यायचा. एकच अंक दोघींत. आमच्या घरी 'चित्रांची पुस्तकं' चालत नसत, म्हणून मी तो दप्तरात लपवून तांड्यावर नेई आणि आम्ही तो सुमीच्या घरी वाचत असू.

सुमीचं घर या दिवसांत घर उरत नसे. ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांना सांगून पटत नाही. वेचलेला कापूस भाव येईपर्यंत किंवा खरेदी केंद्रावर नंबर लागेपर्यंत घरातच ठेवायचा, ही आमच्याकडची रीत. पुढची खोली आधी अर्धी भरते, मग पूर्ण, मग माणसं ओसरीवर झोपायला जातात. कापूस आढ्याला टेकतो. देवाचा कोनाडा तेवढा मोकळा ठेवतात. आम्ही दाराच्या चौकटीवर पाय देऊन त्या ढिगावर चढत असू. वर गेलं की डोकं कवेलूंना, म्हणजे कौलांना, लागायचं. दोन कवेलूंच्या फटीतून उन्हाची एक तिरीप यायची, तेवढ्या उजेडात वाचायचं. खाली ऊबच ऊब. सरकीचा तो तेलकट, किंचित कडवट वास आणि नाकात शिरणारे तंतू. कापसातल्या लाल किड्यांनी पोटऱ्या, मान, कोपर सगळं खाजायचं. एका हातानं खाजवायचं, दुसऱ्यानं पान उलटायचं. आजही मला चांगलं काही वाचताना पोटरीला खाज सुटते.

सुमी माझ्यापेक्षा हुशार होती. हे मी उगाच मोठेपणानं म्हणत नाही, आमच्या वर्गात ते सगळ्यांना माहीत होतं. गणिताचे गुरुजी फळ्यावर उदाहरण लिहायचे आणि सुमीकडे पाहून म्हणायचे, "तू गप राह्य, बाकीच्यायले करू दे." अणुजितच्या कथेत कोडं आलं की ती माझ्या हातातलं पान दाबून धरायची. "थांब, मले काढू दे." आणि काढायची. पान उलटलं की अणुजितचं उत्तर तेच. मग ती खाजवत, शांतपणे म्हणायची, "बेस हाय तो. त्याले येते."

शेवटचा अंक आला तो असाच कापसाच्या दिवसांत. अणुजितचा वैरी डॉक्टर भस्मे यानं एका धरणाचे दरवाजे आपल्या यंत्राला जोडलेले असतात. दरवाजे उघडले की खालची गावं वाहून जाणार. यंत्र थांबवायचं तर त्याचा खटका दाबायचा, पण जो दाबेल त्याची सगळी बुद्धी ते यंत्र शोषून घेणार. गावं वाचतील, अणुजितला मात्र स्वतःचं नावसुद्धा आठवणार नाही. अणुजित पायऱ्या चढू लागतो. दोन पानं उरली होती.

"दाबीन तो," मी म्हणाले. मला त्यात काही शंकाच नव्हती. नायक असतातच कशासाठी?

"कायले दाबीन?" सुमी उसळली. "डोकं गेल्यावर तो कोन राह्यला मंग? नुसता सदरा?"

"अवं, लोकं मरतील नं!"

"त्यानं दुसरं काही काढावं. डोकं देऊ नये कोनाले."

आम्ही पान न उलटता भांडत बसलो, तिथंच घात झाला. खाली सुमीचा मोठा भाऊ ओरडत आला. केंद्रावर नंबर लागला होता, गाडी आत्ताच भरायची होती. कापसाच्या दिवसांत वाचत बसलेली बहीण त्याला खपत नसे. आधीचा एक अंक त्यानं चुलीत घातला होता. सुमीनं अंक घडी करून कोपरापर्यंत कापसात खुपसला आणि आम्ही घसरत खाली आलो.

पुढचं सगळं इतक्या पटकन झालं की आजही चीड येते. शेजारचे आले, टोपल्या आल्या. गाडीला बांबूच्या ताट्या लागल्या. ढीग वरून, खालून, सगळीकडून उपसला जाऊ लागला. आम्ही दोघी त्यात हात घालतोय तर भाऊ म्हणतो, "सरका तिकडं, पोरीहो." मग सुमीनं शक्कल लढवली. "दादा, मी तुडवते," म्हणून ती गाडीवर चढली. गाडीत कापूस दाबून बसवायला कुणीतरी पायांनी तुडवावा लागतोच. ती तुडवत होती आणि मला खालून दिसत होतं, ती पायाची बोटं वाकवून वाकवून कापसात कागद चाचपत होती. तिची याडी, म्हणजे आई, फेटियाचा, म्हणजे घागऱ्याचा, घेर सावरत कौतुकानं म्हणाली, "कशी निगुतीनं तुडवून राह्यली पहा माही पोरगी." सुमीच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला अंक सापडला नाही. गाडी भरली, दोर आवळला गेला, बैल निघाले. आम्ही मागे मागे वळणापर्यंत गेलो आणि परत फिरलो.

दुसरा अंक मिळवता आला असता, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. स्टँडवरचा पेपरवाला म्हणाला, संपला. पुढच्या महिन्यात म्हणाला, तो छापखानाच बंद पडला, आता येत नाही. त्याच हंगामात सुमीची शाळाही सुटली. आधी वेचणीला हात कमी पडतात म्हणून, मग सोयरीक आली म्हणून. कुणी आरडाओरडा केला नाही, कुणी गुरुजी घरी आले नाहीत. बाकावर माझ्याशेजारी दुसरी मुलगी बसू लागली. ती चांगली होती, पण कोडं आलं की सरळ पान उलटायची.

सुमीचं सासर जवळच्याच तांड्यात, तिथं आज तिची स्वतःची शेती आहे. आमची ये-जा कधी तुटली नाही. भेटली की इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती विचारतेच, "लागला काय वं पत्ता?" मुलांची लग्नं झाली, माझी नोकरी झाली, तिचे केस पिकले, तरी हा प्रश्न आहेच. आणि एक गोष्ट मी तिच्या घरी दर वर्षी पाहत आले. कापूस घरात पडला की ती येता-जाता त्यात कोपरापर्यंत हात घालते, चाचपते आणि काढून घेते. हे दुसरं घर, दुसरा कापूस, तिला काय कळत नाही? एकदा मी हसले तर म्हणाली, "हाताची सवय हाय. माह्याच हातानं गेलतं नं ते."

म्हणून मला तो अंक हवा होता. संग्रहाला नको, स्मरणिकेला नको. तिला शेवट सांगायला हवा होता.

नाफडेसाहेब मात्र दाद देईनात. पिशवी फोडली तर अंकाची किंमत जाईल, हे त्यांचं पालुपद. मी नागपूरला त्यांच्या घरी गेले. त्यांनी कपाट उघडलं, मला तीन हात लांब उभं केलं आणि अंक दाखवला. तेच मुखपृष्ठ: धरण, पायऱ्या, पाठमोरा अणुजित. मी म्हटलं, "शेवटची दोन पानं फक्त." ते हसून म्हणाले, "ताई, न वाचण्यातच मजा आहे." त्या क्षणी त्यांच्या कपाटासकट त्यांना कापसाच्या गाडीत घालून तुडवावं असं मला वाटलं.

मग गटावर विचारलं. ज्यांनी लहानपणी तो अंक वाचला असे काहीजण तर असतील? होते. एकानं छातीठोक सांगितलं, अणुजित खटका दाबतो आणि वेडा होऊन हिमालयात जातो. दुसरा म्हणाला, छे, भस्मेच दाबतो, मला चित्रासकट आठवतं. एक बाई म्हणाल्या, तो मरतो आणि धरणावर त्याचा पुतळा उभारतात, मी रडले होते. आणखी एकाच्या मते ते सगळं स्वप्न असतं. जितकी तोंडं तितके शेवट, आणि प्रत्येकजण शपथेवर. त्यांचे अंक केव्हाच रद्दीत गेलेले. मला सगळ्यांचा राग आला. नीट लक्षात ठेवता येत नाही तर वाचता कशाला?

शेवटी मी नाफडेसाहेबांना सांगून टाकलं की अंक उघडल्याशिवाय व्यक्तिचित्र मिळणार नाही. स्मरणिका छपाईला जायची होती, दुसरा लेखक मिळत नव्हता. दोन दिवस त्यांचा आवाज नव्हता. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "व्हिडिओवर दाखवतो. एकदाच. फोटो काढायचा नाही."

मी तडक सुमीकडे गेले. दुपारची वेळ होती. तिच्या पुढच्या खोलीत यंदाचा कापूस कमरेएवढा साठला होता. "आव, बेस," तिच्या सासूनं त्यांच्या गोरबोलीत 'ये, बस' म्हटलं आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. आम्ही दोघी कापसाला पाठ टेकून खाली बसलो. तांड्यावर नेटवर्कची बोंब. चित्र येई, थिजे, जाई. सुमीनं मोबाइल घेऊन दाराशी धरला, मग खिडकीशी, मग पुन्हा कापसापाशी आली. तिथं जरा बरं होतं. पडद्यावर पांढरे हातमोजे घातलेले दोन हात दिसले. कात्री चालली. नाफडेसाहेबांचा श्वास ऐकू येत होता.

"शेवटून दुसरं पान," ते म्हणाले. अणुजित पायऱ्या चढतोय. प्रत्येक चौकटीत एक पायरी. तो काही बोलत नाही. सुमी माझ्या मनगटाला धरून होती.

"उलटवा," मी म्हटलं.

"थांब वं," सुमी म्हणाली, आणि मग, "उलटवा."

शेवटच्या पानावर एकच मोठं चित्र होतं. यंत्र, खटका आणि खटक्यावर अणुजितचा हात. चष्म्याची तडा गेलेली काच. खाली कोपऱ्यात चौकट: अणुजित खटका दाबेल का? वाचा पुढील अंकात.

चित्र हलेना. मला वाटलं नेट गेलं. मग नाफडेसाहेबांचा आवाज आला, "अरेच्चा. पण हा तर शेवटचा अंक आहे." पुढचा अंक निघालाच नव्हता. शेवट कुणी वाचला नव्हता, कारण तो कुणी लिहिलाच नव्हता. हिमालयात जाणारा, पुतळा होणारा, स्वप्नातून उठणारा अणुजित ज्यानं त्यानं आपापल्या घरी बनवला होता आणि इतकी वर्षं वाचलेला म्हणून सांभाळला होता. नाफडेसाहेब म्हणत होते, "ताई, हे गटावर नका सांगू हं. लेखात नुसतं गूढ शेवट असं लिहा." मी फोन बंद केला.

माझा संताप संताप झाला होता. छापखान्यावर, नाफड्यांवर, त्या लिहिणाऱ्यावर, ज्यानं माणसाला खटक्यापाशी नेलं आणि स्वतः निघून गेला. मी बडबडत सुटले. इतकी वर्षं आपण ज्याच्यासाठी हळहळलो ते तिथं नव्हतंच, गाडीत गेली ती दोन पानं वाचली असती तरी आपण इथंच असतो, वगैरे. सुमी ऐकत होती. मी थांबल्यावर तिनं विचारलं, "म्हंजे माह्या हातानं काही गेलं नाही?"

"नाही वं बाई. काहीच नाही."

"मंग मी उगाच..." ती म्हणाली, आणि तिनं मागे वळून कापसाकडे पाहिलं. मला वाटलं, हिला हलकं वाटेल. तिचा चेहरा मात्र रागानं लाल झाला. सुमीला रागावलेलं मी शाळा सुटली तेव्हाही पाहिलं नव्हतं. "काहून सांगलं नाही कोनी? येवढं डोकं असलेला मानूस, त्याले असं उभं करून ठेवलं? जा नाही, ये नाही?"

सासूबाईंनी चहा आणला. आम्ही तो प्यायलो. बाहेर कुणाच्या तरी गाडीत कापूस भरणं चाललं होतं. तुडवणारी पोरं हसत होती. अंगाला खाज सुटली होती, दोघीही खाजवत होतो.

"त्या नागपूरवाल्यासाठी लिहून राह्यली नं तू त्याच्यावर?" तिनं कप खाली ठेवत विचारलं.

"हो. पण आता काय लिहू? गूढ शेवट लिहा म्हणतो तो."

"गूढ कायचं त्यात?" सुमी आपल्या उजव्या हाताचा कोपर चोळत होती. "तवापासून हात हाय त्याचा खटक्यावर. दुखत असन वं. काढू दे नं आता त्याले."

"आणि गावं? पाणी?"

"थे ज्यायचं धरन हाय त्यायनं पाहावं. दरवेळी यानंच कायले डोकं द्यावं?"

नाफडेसाहेब, तुम्ही मागितलेलं व्यक्तिचित्र हे असं आहे. यातलं काही कापू नका. अणुजित, किडकिडीत अंग, खादीचा सदरा, तीन पेनं, डाव्या काचेला तडा, सायकल येत नाही. त्यानं खटका दाबला नाही. हात काढून घेतला, पायऱ्या उतरला आणि डोकं शाबूत घेऊन घरी गेला.